ब्लू मून (२०२५ चित्रपट)

ब्लू मून हा रिचर्ड लिंकलेटर यांनी दिग्दर्शित केलेला इंग्रजी भाषेतील अमेरिकन चरित्रपट आहे. गीतकार लॉरेन्झ हार्ट (१८९५–१९४३) यांच्या आयुष्यातील प्रामुख्याने एकाच रात्रीवर तो बेतलेला असून हार्ट यांची भूमिका इथन हॉक यांनी केली आहे. रॉबर्ट कॅपलो यांची पटकथा हार्ट आणि एलिझाबेथ वायलंड या तरुणीच्या पत्रव्यवहारावरून सुचलेली आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये बर्लिन आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात चित्रपट प्रथम दाखवला गेला. तेथे संगीतकार रिचर्ड रॉजर्स यांची भूमिका करणाऱ्या अँड्र्यू स्कॉट यांना सहायक अभिनयासाठी रौप्य अस्वल पुरस्कार मिळाला.

पार्श्वभूमी

रॉजर्स आणि हार्ट यांनी १९१९ पासून सुमारे दोन तप एकत्र काम केले. त्यांची पद्धत ठरलेली होती: रॉजर्स आधी चाल बांधत आणि हार्ट त्या चालीवर शब्द बसवत. मद्यपानामुळे हार्ट यांचे काम अनियमित होत गेले. ‘ओक्लाहोमा!’ या संगीतनाटकासाठी रॉजर्स यांनी ऑस्कर हॅमरस्टाईन दुसरे यांना सोबत घेतले, आणि पद्धतच उलटली. हॅमरस्टाईन आधी गीत लिहीत, चाल मागाहून येई. हार्ट यांनी केवळ एक सहकारी गमावला नव्हता. ज्या कामाच्या रीतीत त्यांचे कौशल्य घडले होते, तीही आता मागे पडत होती.

कथानक

चित्रपटाचा आरंभ हार्ट यांच्या अखेरच्या दिवसांतील एका पावसाळी रात्रीने होतो. तेथून कथा ३१ मार्च १९४३ कडे, ‘ओक्लाहोमा!’च्या पहिल्या प्रयोगाच्या रात्रीकडे मागे जाते. प्रयोग सोडून हार्ट न्यूयॉर्कमधील त्याच रस्त्यावरील सार्डीज या उपाहारगृहात येतात आणि बोलत राहतात: मद्य देणाऱ्या एडीशी (बॉबी कॅनाव्हेल), पियानोवादकाशी, लेखक ई. बी. व्हाइट यांच्याशी आणि एलिझाबेथशी (मार्गारेट क्वाली). नव्या नाटकाची ते टवाळी करतात. रॉजर्स येताच त्याच नाटकाची तोंडभरून स्तुती करतात. रॉजर्स त्यांना ‘अ कनेक्टिकट यांकी’ या जुन्या नाटकाच्या पुनरुज्जीवनासाठी नवी गीते लिहिण्यास सुचवतात. त्या प्रस्तावात स्नेह आहे, तसे अंतरही आहे. स्कॉट यांचा संयत अभिनय येथे विशेष उठून दिसतो.

व्हाइट यांना उंदराच्या बालकथेची कल्पना हार्ट यांच्या बोलण्यातून मिळते, हा प्रसंग मात्र पटकथाकाराच्या कल्पनेतील आहे.

शैली

घटना फार थोड्या असून चित्रपट जवळजवळ संपूर्णपणे संवादांवर उभा आहे. लिंकलेटर आणि हॉक यांच्या ‘बिफोर’ चित्रत्रयीतही संवादालाच प्राधान्य होते, परंतु तेथे दोघे बोलतात. येथे बहुतांशी एकच माणूस बोलतो आणि इतर ऐकतात. हार्ट यांची उंची पाच फुटांहून कमी होती. हॉक तसे ठेंगणे दिसावेत यासाठी चित्रीकरणात युक्त्या योजल्या आहेत.

शीर्षकगीत

‘ब्लू मून’ची चाल मूळची एमजीएम या चित्रपटसंस्थेसाठी बांधलेली होती. तिच्यावर हार्ट यांनी एकामागून एक वेगवेगळे शब्द लिहिले, आणि १९३४ मध्ये आलेले ‘ब्लू मून’ हे त्यांतील अखेरचे रूप लोकप्रिय झाले. हार्ट २२ नोव्हेंबर १९४३ रोजी न्यूमोनियाने मरण पावले. ‘अ कनेक्टिकट यांकी’चा नवा प्रयोग त्याआधी पाचच दिवस रंगमंचावर आला होता.