भरती न पाहिलेल्या कादंबऱ्या

पोलादपूरला सावित्री अजून घाटातली नदी असते. महाडला पोचेपर्यंत तिला समुद्र ठाऊक झालेला असतो. तो दिसत नाही, पण त्याचं पाणी दिवसातून दोनदा चढून उतरतं. म्हणून तर रायगडाजवळचं हे गाव बंदर झालं. डिसेंबर १९२७ मध्ये डॉ. आंबेडकर सत्याग्रह परिषदेला आले तेही मुंबईहून ‘पद्मावती’ बोटीनं हरिहरेश्वरपर्यंत, पुढे दुसऱ्या बोटीनं खाडीतून दासगावला आणि तिथून पायी.

आरमारी कादंबरी हाती आली की मी आधी हेच बघतो: लेखकाला भरती कळते का? रोज पाऊण तासाहून थोडी जास्तच पुढे सरकणारी ही वेळ इथल्या तांडेलाला तोंडपाठ असायची. कादंबरीतलं गलबत मात्र मनाला येईल तेव्हा खाडीत शिरतं. भर आषाढात शिडं फुगवून निघतं. (मुखपृष्ठावर तर चक्क युरोपातलं तोफांचं दुमजली जहाज!) खरं मराठी आरमार पावसाळ्यात किनाऱ्याला छावणीत असे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात छावणीचं बंदर दरवर्षी बदला, असं बजावलं आहे. दर्यावर्दी लोकांचा गावाला उपद्रव नको म्हणून. वाऱ्यावाचून न हलणारी थोर जहाजंही अमात्यांना नको होती. मध्यम गुराब हवी, गलबत हवं.

गुराबेची नाळ म्हणजे पुढचं टोक, पाण्यालगत लांब निमुळतं होत गेलेलं. त्यामागे आडव्या भिंतीला झरोके आणि त्यांतून तोफांची तोंडं सरळ पुढे रोखलेली. म्हणजे शत्रूला शक्यतो कूस दाखवायची नाही. वारा पडला की वल्ह्यांची गलबतं तिला ओढून नेत. कूस वळवून तोफांची सरबत्ती करणारा आपला कादंबरीनायक ही पद्धत इंग्रजी जहाजांवरून उचलतो.

इंग्रजांनी वेढलेल्या खांदेरी बेटाची लढाई घ्या. १८ ऑक्टोबर १६७९ ला दौलतखानाच्या मराठी आरमारानं इंग्रजांचं ‘डव्ह’ जहाज पकडलं. एवढ्यावर प्रकरण संपवायचा मोह कुणालाही होतो. पण त्याच दिवशी कॅप्टन केग्विनच्या ‘रिव्हेंज’नं एकटीनं तोंड दिलं आणि मराठी गलबतं नागोठण्याच्या खाडीकडे परतली. ‘रिव्हेंज’ मागे लागली ती उथळ पाणी लागेपर्यंतच. ही माघार लिहायला आपल्या लेखकांना संकोच वाटतो. सावित्रीकाठी वाढलेल्याला वाटणार नाही. वाव दोन वाव पाण्यात ज्याचा तळ टेकत नाही, त्याचीच खाडी. पुढेही रात्रीच्या अंधारात छोट्या होड्या पहारा चुकवून बेटावर रसद टाकत राहिल्या. १६८० च्या सुरुवातीला इंग्रजांनी वेढा उठवला, आणि खांदेरी मराठ्यांकडेच राहिली.