मिटलेले जनुक आणि सिकलसेल

चिंचपाड्यात रुग्ण तपासताना आईबाप मला एक प्रश्न हमखास विचारतात. ‘डॉक्टर, पोर सहा महिने ठणठणीत होतं, मग एकाएकी हातपाय कसे सुजले?’ नंदुरबार जिल्ह्यातील आदिवासी कुटुंबांना सिकलसेल नवा नाही. पण या प्रश्नाचे उत्तर थोड्यांनाच ठाऊक असते.

पोटातल्या बाळाच्या रक्तात वेगळे, गर्भावस्थेचे हिमोग्लोबिन असते. ते तांबड्या पेशींना विळ्यासारखे वाकू देत नाही. जन्मानंतर काही महिन्यांत त्याचे जनुक मिटते, सदोष हिमोग्लोबिन त्याची जागा घेते आणि आजार डोके वर काढतो. मात्र ते जनुक नष्ट होत नाही, फक्त झाकले जाते.

हे कसे घडते? डीएनएचा धागा हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. रिळांवर मिथाइलच्या रासायनिक खुणा असतात. कोणते जनुक चालू, कोणते बंद, हे बरेचसे त्यांवर ठरते. अशा खुणा पुसणारे ‘एलएसडी-1’ हे विकर हार्वर्डच्या यांग शी यांच्या गटाने 2004 मध्ये शोधले. पिकल्या केळ्यांवर घोंघावणाऱ्या चिलटांतही ते असते. 2007 मध्ये चिलटांतील हे विकर बिघडवले, तेव्हा बंद असायला हवीत अशी काही जनुके जोमाने चालू राहिली. कित्येक चिलटे दगावली, उरलेली वांझ निघाली.

माणसात गर्भावस्थेचे जनुक मिटवण्यात याच विकराचा हात असल्याचे 2013 मध्ये दिसले. त्याला अडवणारी औषधे अजून संशोधनात आहेत. परंतु हे हिमोग्लोबिन वाढवणारे हायड्रॉक्सियुरिया आज उपलब्ध आहे. त्याने वेदनांचे झटके कमी होतात. बरे वाटले म्हणून ते मनाने थांबवू नका. अधूनमधून रक्त तपासून घ्या. मूल हवे असेल, तर पती असो वा पत्नी, आधी डॉक्टरांना सांगा.

आईवडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते. वाहक स्वतः सहसा धडधाकट असतो, म्हणून तपासणीशिवाय कळत नाही. 1 जुलै 2023 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा भर तपासणीवरच आहे. तेव्हा सोयरीक जुळवण्यापूर्वी मुलामुलीचे रक्त जरूर तपासा. हा कोणाचा शाप नव्हे की बाहेरची बाधा नव्हे. ताप, छातीत दुखणे, धाप किंवा असह्य वेदना झाल्यास रुग्णाला भगताकडे न नेता थेट दवाखान्यात आणा.