वाफेची इस्त्री
लेखमाला : केस आणि विज्ञान, भाग ७

दुकानात स्टीम स्ट्रेटनरचं प्रात्यक्षिक पाहिलं असेल, तर विक्रेतीचं हे वाक्य कानावर पडलंच असेल : "मॅडम, यात केस जळतच नाहीत, नुसत्या वाफेवर सरळ होतात." वाक्य निम्मं खरं आहे. वाफेची मदत होते, पण केस सरळ करतात त्या दोन तापलेल्या पट्ट्याच. वाफ १०० अंश सेल्सिअसच्या आसपासची, तर पट्ट्या १५० पासून २१० पर्यंत, काही यंत्रांत २३० अंशांपर्यंतही तापतात. चार-पाच वर्षांनी केसांची काय अवस्था असेल, हे वाफेपेक्षा पट्ट्यांच्या आकड्यावर ठरतं. खोक्यावर मोठ्या अक्षरांत असते ती मात्र वाफ.

मागच्या भागात रिबॉन्डिंग पाहिलं. तिथे रसायनाने केसातले गंधकाचे पक्के बंध तोडून नव्याने जोडतात. स्ट्रेटनरचा खेळ हायड्रोजनच्या कच्च्या बंधांशी असतो. पाणी लागलं किंवा उष्णता मिळाली की हे बंध सुटतात, आणि केस सुकून थंड झाला की त्या वेळी तो ज्या आकारात असेल त्याच आकारात पुन्हा जुळतात. हवेतला दमटपणाही ते सोडवायला पुरेसा असतो. म्हणून जुलै महिन्यात बदलापूरला सकाळी सरळ केलेले केस दादर येईपर्यंत फुगलेले असतात, आणि दुसऱ्या दिवशी यंत्र पुन्हा हातात येतं.

आता वाफेची बाजू. कडक वाळलेल्या सुती साडीवर पाणी शिंपडलं की इस्त्री कमी तापवूनही घडी बसते. केसातल्या केराटिन या प्रथिनाचंही तसंच आहे. थोडं पाणी मुरलं की ते मऊ पडतं आणि कमी तापमानाला, कमी वेळा यंत्र फिरवून आकार घेतं. कोरड्या यंत्राने जे काम २०० अंशांवर तीन-चार वेळा फिरवून व्हायचं, ते वाफेच्या यंत्राने १६०-१७० अंशांवर एक-दोनदा फिरवून होत असेल, तर केसाचं नुकसान खरोखरच कमी होतं. वाफेच्या यंत्राचा फायदा आहे तो एवढाच. होतं मात्र असं की 'वाफ आहे ना' म्हणून बटण २१० वरच राहतं. मग वाफेचे पैसे मोजूनही पदरात काही पडत नाही.

पाण्याची दुसरी बाजू खोक्यावर छापलेली नसते. पाणी जसं केराटिनला मऊ करतं, तशी त्याची उष्णता सोसायची ताकदही घटवतं. कोरड्या केसातल्या केराटिनची रचना साधारण २३० अंशांच्या पुढे ढासळते. पाण्यात भिजलेल्या केसात तीच १२० ते १५० अंशांच्या दरम्यान कोसळते. यंत्राची वाफ काही केसाला चिंब भिजवत नाही, त्यामुळे वाफेचा झोत स्वतः मोठा गुन्हेगार नव्हे. गडबड होते ती न्हाऊन आल्यावर ओलसर केसांवरच पट्ट्या दाबल्या तर. 'चर्र' असा आवाज येतो, तेव्हा केसातलं पाणी उकळत असतं. आत कोंडलेली वाफ बाहेर पडायला जागा शोधते आणि केसात पोकळ्या तयार होतात. त्वचारोगतज्ज्ञ याला 'बबल हेअर' म्हणतात. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १२५ अंशांचा चिमटा मिनिटभर धरल्यावर केसात असे बुडबुडे दिसले होते. पोकळी असते तिथेच केस पुढे तुटतो.

ही सगळी झीज साचत कशी जाते? केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो. म्हणजे ३० सेंटीमीटर लांबीच्या केसाचं टोक अडीच वर्षांचं असतं. आठवड्यातून तीनदा यंत्र फिरवणारीच्या त्या टोकाने जवळजवळ ४०० वेळा पट्ट्या सोसलेल्या असतात, आणि मुळाजवळच्या सेंटीमीटरने जेमतेम डझनभर वेळा. दोन्हींना एकच तापमान लावणं हा सरळ अन्याय आहे. टोकाकडे येताना हात लवकर पुढे न्यावा, तर आपण नेमके तिथेच थांबून पुन्हा दाबतो, कारण टोकंच वाकडी दिसतात!

केसावरचे खवले आधी तडकतात, मग उचकटतात. पृष्ठभागावरचा स्निग्ध थर झिजतो आणि केस पाणी जास्त ओढू लागतो. असा केस पावसाळ्यात आणखी लवकर फुगतो, म्हणून यंत्र आणखी वेळा फिरतं. कुरळ्या केसांचा कुरळेपणा काही वर्षांनी धुतल्यावरही नीट परतत नाही, आणि पांढऱ्या केसांवर उष्णतेने पिवळट छटा येते.

'स्ट्रेटनरने केस गळायला लागले' ही तक्रार सर्रास ऐकू येते. कंगव्यातला एक केस उजेडात धरून बघा. टोकाला बारीक पांढरी गाठ असेल तर तो मुळापासून सुटलेला आहे; दिवसाला ५० ते १०० केस असे सुटणं स्वाभाविक आहे. गाठ नसेल, लांबी अर्धवट असेल, मधे पांढरे ठिपके असतील, तर तो तुटलेला आहे, आणि तिथे यंत्रावर संशय घ्यायला जागा आहे. मूळ टाळूच्या आत असतं, तिथवर पट्ट्या पोचत नाहीत. १९६८ साली अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये माथ्यावर कायमचं टक्कल पडण्याचा एक आजार तापलेल्या कंगव्याच्या माथी मारला गेला होता. पुढे असा कंगवा न वापरणाऱ्यांतही तो आढळला आणि आजाराचं नाव बदलावं लागलं. तेव्हा माथ्यावरचे केस विरळ होत असतील, तर यंत्र बदलत न बसता त्वचारोगतज्ज्ञांकडे जावं.

खोबरेल तेलाबद्दल बरेच जण विचारतात. मुंबईच्या मॅरिको कंपनीतल्या संशोधकांनी २००३ साली दाखवलं होतं की खोबरेल केसात मुरतं आणि प्रथिनांची झीज कमी करतं. ते न्हाण्याआधी लावा. तेल लावलेल्या केसांवर मात्र पट्ट्या फिरवू नका. २०० अंशांच्या पट्टीवर घाण्याचं खोबरेल धुरकटतं.

वाफेच्या यंत्राच्या टाकीत बोअरचं किंवा टँकरचं पाणी भरलं तर छिद्रांत क्षार साचतात, वाफेऐवजी कढत थेंब उडतात आणि कान, मान भाजते. माहितीपत्रकात सांगितलं असेल तेच पाणी, बहुतेक वेळा डिस्टिल्ड, वापरावं.

राहिला प्रश्न फाटलेल्या टोकांचा. सीरममधलं सिलिकॉन त्यावर लेप चढवतं, तो धुतल्यावर उतरतो. केसाचा हा भाग जिवंत नाही, त्यामुळे तो भरून येत नाही. दोनेक इंच कापावे लागतात, आणि त्यानंतर बटण १७० च्या खाली ठेवावं लागतं.

(पुढच्या भागात : केसांचे रंग आणि अमोनिया)