कुमासीचं पत्र : पामचं फळ घरात येतं तेव्हा

कुमासी (घाना) : पामतेल म्हटलं की आपल्याला रेशनच्या दुकानातली पिशवी आठवते. 2022च्या दिवाळीत शंभर रुपयांत मिळालेल्या ‘आनंदाचा शिधा’मध्येही रवा, चणाडाळ आणि साखरेबरोबर तेच होतं. फिकट, बिनवासाचं. पामचं झाड मूळचं पश्चिम आफ्रिकेतलं, आणि इथल्या बायका बाजारातून आधी फळ आणतात. फळं सुपारीएवढी, देठाकडे शेंदरी, टोकाला काळपट.

रविवारी घरोघरी ‘अबेनक्वान’ शिजतं, म्हणजे या फळांचं कालवण. आमच्या घरमालकीणबाईंना सगळे आंटी म्हणतात. त्यांच्या शेजारी बसून मी ते नीट पाहिलं. फळं धुऊन मऊ होईस्तोवर उकडायची, मग लाकडी उखळात हलक्या हाताने कुटायची. ‘‘गर सुटला पाहिजे, बी फुटता कामा नये,’’ आंटी बजावत होत्या. मग कोमट पाणी घालून, नारळाचं दूध काढतो तसा कोळ पिळून गाळून घ्यायचा. भगव्या रंगाच्या त्या दाट रसात कांदा, टोमॅटो, मिरची, छोटी पांढरी वांगी, धुरावलेले मासे, जमलं तर खेकडे. मंद आचेवर तासभर तरी उकळी हवी. लाल तवंग वर आला की कालवण झालं. सोबत फुफू : ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तो कसावा आणि कच्ची केळी उकडून, कुटून केलेला गोळा. तो चावायचा नाही, कालवणात बुडवून गिळायचा. बाळंतिणीसाठी याच कालवणात प्रेकेसे नावाची सुगंधी शेंग पडते.

फळं जास्त असली तर घरीच तेल काढतात. कुटलेला गर पाण्यात कालवायचा, वर आलेला तेलकट फेस काढून घ्यायचा आणि पाणी आटेपर्यंत कढवायचा. मात्र तोडलेली फळं फार दिवस ठेवून चालत नाही, तेल आंबट होतं. ही खटपट करण्याला कारणही आहे. 2015 साली इथल्या अन्न तपासणीत बाजारातल्या लाल तेलात सुदान जातीचा कृत्रिम रंग सापडला होता. कपड्यांना, मेणाला देण्याचा तो रंग, खाण्याचा नव्हे. घरच्या तेलाचा लाल रंग कॅरोटीनचा, म्हणजे ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं त्याचा. आपल्या पिशवीतलं तेल शुद्ध करताना नेमका तोच काढून टाकतात. मला हे मनापासून खटकतं. अ जीवनसत्त्वाचे डोस एकीकडे द्यायचे आणि दुसरीकडे तेलातलं तेच घालवायचं!

पिळून उरलेला चोथा वाळवला की चूल पेटवायला उत्तम, तेल असल्याने भुरकन पेट घेतो. बिया वाळवून दगडाने फोडतात. आतला गर पोरं तसाच खातात. भाजून काढलेलं त्याचं काळसर तेल बाळाच्या अंगाला आणि केसांना चोळतात. कवच लोहाराच्या भट्टीत जातं. याच बियांच्या तेलात केळीच्या सालींची आणि कोकोच्या टरफलांची राख घालून काळा साबण होतो. आंटी त्यानेच तोंड धुतात, दुसरा साबण घरात येऊ देत नाहीत.