नव्या भाताचे दोन दिवस

प्रथम सत्राची परीक्षा संपून दिवाळीची सुट्टी लागली की घरोघरी एकच विषय निघतो, मुलांना कुठे न्यायचे? कुणी महाबळेश्वर सुचवते, कुणी वॉटर पार्क. यंदा आम्ही शनिवार-रविवार मुलांच्या आजोळी, रायगड जिल्ह्यात म्हसळ्याजवळच्या एका लहान गावी काढले. दिवस भातकापणीचे होते. या दोन दिवसांबद्दल लिहावेसे वाटले, कारण आपल्यापैकी कितीतरी कुटुंबांची कोकणात थोडीफार शेती आहे आणि मुलांनी ती कधी पाहिलेली नाही.

भाताचे तीन प्रकार असतात हे मुलांना मामूंनी बांधावर उभे करूनच शिकवले. हळवे भात साधारण 110 ते 115 दिवसांत तयार होते, निमगरवे त्यानंतर आणि गरव्याला 140 दिवसांहून अधिक लागतात. म्हणून माळावर, जिथे पाणी लवकर आटते तिथे हळवे, आणि खोलगट, ओल धरणाऱ्या खाचरात गरवे लावतात. आम्ही गेलो तेव्हा वरची खाचरे रिकामी झाली होती आणि खालची पिवळी होऊन वाकली होती.

विळ्याने कापलेले भात दिवस-दोन दिवस उन्हात पसरून ठेवतात, मग पेंढ्या बांधून खळ्यावर नेतात आणि लाकडी बाकावर आपटून झोडतात. याच दिवसांत परतीचा पाऊस आला तर सारे हातचे जाते. भिजलेल्या लोंबीतच दाण्याला मोड येतात. दुपारी ढग भरून आले तेव्हा पेंढ्या उचलायला सगळे घर धावले. आमचा आठवीतला मुलगाही कुणी न सांगता धावला. पाचवीतल्या मुलीने एक लोंबी घेऊन दाणे मोजले, ते 142 भरले. एका दाण्यातून सात कणसे आणि प्रत्येक कणसात शंभर दाणे, ही सूरह बकरातली उपमा तिने मकतबात ऐकली होती. लोंबी हातात धरून मोजली ती मात्र पहिल्यांदाच.

नव्या तांदळाची चव निराळीच. तो शिजताना चिकट होतो, पाणी कमी लागते. पुलाव-बिर्याणीला तो चालत नाही, तिथे जुना तांदूळच हवा. पण भाकरी नव्या तांदळाचीच मऊ लागते. नानींनी रात्री भाकरी आणि कोंबडीचा रस्सा केला, सकाळी घावन आणि नारळाचा रस. दुपारी वाटीत वाफवलेले सांदण ताटात आले. दुसऱ्या दिवशी परतताना तालुक्याच्या गावी बचत गटांच्या महिलांनी लहानसा खाद्यमेळा भरवला होता. तिथे लाल तांदळाचे पोहे, कुळथाचे पीठ, कोकम आगळ आणि सुकवलेला जवळा मांडला होता. आम्ही पोहे घेतले आणि भाव केला नाही. भात भिजवणे, भाजणे, कांडणे, पाखडणे यात किती हात लागतात ते आदल्या दिवशीच पाहिले होते.

कापणी झाली म्हणजे शेताचे वर्ष संपले असे नाही. जमिनीत उरलेल्या ओलीवर याच खाचरात वाल पेरतात. जानेवारीत त्याच्या शेंगा भरल्या की रायगडात पोपटी लागते. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, मसाला लावलेली कोंबडी भरून, पाण्याचा थेंब न घालता, मडके उपडे ठेवून भोवती जाळ करतात. अलिबागकडे भातानंतर पांढरा कांदा लावतात. त्याला 2022 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

पण मामूंच्या शेताच्या दोन्ही बाजूंची खाचरे पड होती. मालक कुवेतला, मुंब्र्याला, मिरा रोडला. बांध फुटले की पाणी ठरत नाही, झुडपे माजतात, त्यात रानडुकरे लपतात आणि रात्री शेजारच्या उभ्या पिकात उतरतात. एकाने शेत सोडले की शेजाऱ्यालाही ते करणे कठीण होते. मामू साठीचे आहेत, त्यांचा मुलगा आखातात. ते म्हणाले, ‘‘पैसा कमी पडत नाही, तो पाठवतो. माणूस कमी पडतो.’’ यावर आमच्याकडे सोपे उत्तर नव्हते. रात्री ओटीवर बसून एवढे ठरले की जूनमध्ये पेरणीचा आणि जुलैत लावणीच्या मजुरीचा निम्मा खर्च आम्ही उचलायचा आणि लावणीला दोन दिवस सगळ्यांनी यायचे. शेजारच्या मालकांना मामू फोन करणार आहेत. शेत विकू नका, पण पडही ठेवू नका, जो करील त्याला खंडाने किंवा वाट्याने द्या, एवढेच त्यांना सांगायचे आहे. बोलणे तोंडी न ठेवता लिहून घ्यावे, म्हणजे दोन्हीकडे शंका राहत नाही.

ज्यांचे गाव आहे त्यांनी कापणीच्या दिवसांत मुलांना घेऊन जरूर जावे. पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, भाताचे पाते कापते. पायात बूट असावेत. सातबारा काढून आपले नाव, वारसांची नोंद तपासावी. 2021 पासून राज्यात ई-पीक पाहणी आहे, मोबाइलवरून पिकाची नोंद स्वतः करता येते. ती मुदतीत झाली का तेही पाहावे.

आणि उश्र विसरू नये. पावसावर पिकलेल्या धान्याचा दहावा हिस्सा, पाणी देऊन पिकवलेल्याचा विसावा, हे प्रमाण हदीसमध्ये आले आहे. कोकणातले भात पावसाचेच. किती धान्यावर आणि कोणत्या जमिनीवर, याचे तपशील आपल्या आलिमांना विचारावेत. मामूंनी आधी तो हिस्सा मोजून वेगळ्या कणगीत टाकला, मग आमच्यासाठी दोन पिशव्या भरल्या. हिस्सा मोजताना माप मुलाच्या हातात होते.