चिठ्ठीवरची गोळी आणि लहानपणचे घर

दारूला आणि गांजाला आपण व्यसन म्हणतो. परंतु डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळालेली झोपेची वा दुखण्याची गोळी एखादा माणूस दुखणे संपल्यावरही घेत राहिला, तर आपण त्याला आजारीच समजतो. वस्तुतः तेही व्यसनच होय. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेची देशव्यापी पाहणी 2019 साली प्रसिद्ध झाली. वैद्यकीय गरजेवाचून गुंगीची औषधे घेणारे सुमारे 1 कोटी 18 लाख लोक तीत आढळले.

आपल्या चंद्रपूरच्या कोळसा खाणीतले दोन कामगार घ्या. पाळी एक, कंबरदुखी एक, गोळीही एकच. एकाची गोळी आठ दिवसांत सुटते, दुसऱ्याची सुटत नाही. असे का व्हावे? मनाचा दुबळेपणा म्हणून आपण मोकळे होतो; पण उत्तराचा मोठा भाग त्याच्या लहानपणात असतो.

अमेरिकेतील फेलिट्टी व अँडा या डॉक्टरांनी साडेनऊ हजारांवर प्रौढ माणसांना त्यांच्या बालपणाविषयी विचारले. घरात मारहाण होती काय, आईला मार बसे काय, कोणी दारुडा वा मनोरुग्ण होता काय, कोणी तुरुंगात गेले होते काय, असे ते प्रश्न होते. 1998 साली निष्कर्ष छापले गेले. असे चार वा अधिक प्रकार ज्यांनी भोगले, त्यांच्यात दारू, मादक औषधे, खिन्नता व आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका, काहीच न भोगलेल्यांच्या मानाने, चार ते बारा पट होता.

याचे कारण समजण्यास कठीण नाही. बाप रात्री कोणत्या पावलांनी घरी येईल, या धास्तीत वाढलेल्या मुलाचे शरीर सदैव सावध राहते. मोठेपणी भीतीचे कारण जाते, सावधपणा उरतो. झोप लागत नाही. मग गोळी त्याला पहिल्यांदाच स्वस्थता देते. इतरांना ती केवळ औषध, त्याला मात्र सुटका. पुढे शरीर सरावते आणि एकीच्या दोन होतात. शिवाय काही घरांत प्रत्येक दुःखावर गोळी हाच उपाय मूल पाहत आलेले असते.

गडचिरोलीत 1993 साली दारूबंदी झाली. चंद्रपुरात ती 2015 साली आली व 2021 साली उठली. त्या मागणीत बायाच पुढे होत्या, कारण दारूचा पहिला घाव घरावर बसतो. त्या घरातले मूलही तो सोसते, एवढे आपण विसरतो.

मात्र दोष आईबापांच्या माथी मारून भागणार नाही. मुंबईच्या गिरणीत जाणाऱ्या आया एकेकाळी तान्ह्या मुलांना अफूची बाळगोळी देत. त्या काही निर्दय नव्हत्या. मूल सांभाळायला घरी कोणी नव्हते. म्हणून 1948 च्या कारखाने कायद्यात पाळणाघराची तरतूद करावी लागली. घर बिघडते तेव्हा पाळी, मजुरी आणि कर्ज यांचाही हिशेब मांडला पाहिजे.

लहानपण म्हणजे विधिलिखित नव्हे. धोका वाढतो, एवढेच. तसल्या घरांतून आलेली पुष्कळ माणसे नीट जगतात. आजी, मास्तर वा शेजारी असे एक भरवशाचे माणूस मुलाला लाभले, तरी पुष्कळ फरक पडतो.

तेव्हा करावे काय? 2014 पासून अशा अनेक औषधांसाठी दुकानदाराला वेगळी नोंदवही ठेवणे बंधनकारक झाले. चिठ्ठीवाचून गोळी मागू नये आणि देऊ नये. गोळी लिहून घेताना ती किती दिवसांची, हे डॉक्टरांना विचारावे. जुनी सवय असल्यास झोपेची गोळी मनाने एकदम बंद करू नये, झटके येऊन जिवावर बेतू शकते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करावी. आणि सोबतचा कामगार अडकलेला दिसला, तर त्याला ‘गोळी का घेतोस’ असे दरडावण्याऐवजी ‘झोप केव्हापासून लागत नाही’ असे विचारावे. या दुसऱ्या प्रश्नाला माणूस खरे उत्तर देतो.