पाठीला पाठ, मग समोरासमोर

डिसेंबर 1976 मध्ये फ्लीटवुड मॅक या बँडची एक छोटी तबकडी बाजारात आली. एका बाजूला लिंडसे बकिंगहॅमचं ‘गो युअर ओन वे’, दुसऱ्या बाजूला स्टीव्ही निक्सचं ‘सिल्व्हर स्प्रिंग्ज’. दोन्ही गाणी त्या दोघांच्या एकाच ताटातुटीची. लिंडसेच्या गाण्यात स्टीव्हीवर एक आरोप आहे. तो खोटा आहे, असं ती पुढे अनेकदा म्हणाली, पण त्या गाण्याच्या कोरसमध्ये तिला स्वतःचा आवाज मिसळावा लागला. तिचं उत्तर तबकडीच्या पाठीमागे गेलं, आणि रेडिओवाले सहसा पाठीमागची बाजू लावत नसत.

‘रूमर्स’ हा अल्बम 1976 मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॉसलिटो इथल्या रेकॉर्ड प्लांट स्टुडिओत आकाराला येऊ लागला. बँडमधल्या जॉन आणि क्रिस्टीन मॅकव्ही यांचा संसार मोडला होता, ड्रमर मिक फ्लीटवुडचाही मोडत होता, स्टीव्ही आणि लिंडसे वेगळे झाले होते. तरी ही पाचही माणसं रोज एकाच खोलीत बसून एकमेकांविषयीची गाणी वाजवत होती. मेरीलँडकडच्या रस्त्यावर सिल्व्हर स्प्रिंग गावाची पाटी स्टीव्हीला दिसली, नाव आवडलं, आणि गाण्याला मिळालं. जे दोघांना मिळू शकलं असतं पण मिळालं नाही, ते या नावात तिनं ठेवलं. गाणं मायेनं सुरू होतं आणि शापाशी येऊन पोचतं. माझा आवाज तुझा पिच्छा सोडणार नाही, हा त्याचा आशय.

अल्बमच्या मोठ्या तबकडीच्या एका बाजूवर साधारण बावीस मिनिटांपर्यंतचं संगीत नीट बसतं. त्याहून जास्त भरलं की खाचा एकमेकींच्या जवळ कोराव्या लागतात, आवाजाची पातळी खाली आणावी लागते आणि खर्ज दुबळा होतो. ‘सिल्व्हर स्प्रिंग्ज’ लांब होतं आणि संथही. मिकनं स्टीव्हीला स्टुडिओबाहेरच्या पार्किंगच्या जागेत नेऊन गाणं वगळल्याचं सांगितलं. ती किंचाळली, असं तिनंच सांगितलं आहे. त्या जागी तिचंच जुनं, आटोपशीर ‘आय डोन्ट वॉन्ट टू नो’ आलं, आणि त्याचं वादन बाकीच्यांनी तिच्या अपरोक्ष रेकॉर्डही करून ठेवलं होतं. मिनिटांचा हिशेब खरा होता, पण तिला अंधारात ठेवणं त्या हिशेबात बसत नाही. या गाण्याचे हक्क तिनं आई बार्बराला भेट दिले होते, त्यामुळे घाव दुहेरी बसला.

4 फेब्रुवारी 1977 ला आलेला ‘रूमर्स’ अमेरिकेत 31 आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिला आणि जगभरात त्याच्या चार कोटींहून अधिक प्रती खपल्या. वगळलेलं गाणं मात्र जुन्या तबकड्या जपणाऱ्यांपुरतं उरलं. 1991 च्या ‘टाइमस्पेस’ या आपल्या निवडक गाण्यांच्या संग्रहासाठी स्टीव्हीनं ते मागितलं, तेव्हा मिकनं नकार दिला, कारण त्याला ते बँडच्या गाण्यांच्या संचासाठी हवं होतं. स्टीव्ही बँड सोडून गेली.

मे 1997 मध्ये पाचही जण बरबँकच्या वॉर्नर ब्रदर्स स्टुडिओत ‘द डान्स’ या चित्रित मैफिलीसाठी पुन्हा एकत्र आले. स्टीव्ही पन्नाशीच्या उंबरठ्यावर होती. ‘सिल्व्हर स्प्रिंग्ज’च्या शेवटच्या भागात ती प्रेक्षकांकडून वळते आणि शब्द थेट लिंडसेला ऐकवते. तोही तिच्याकडे बघतो, गिटार वाजवत राहतो, तिच्याबरोबर गातो. ज्याच्यासाठी गाणं लिहिलं तोच त्याला साथ देतो आहे. वीस वर्षांपूर्वी ही माणसं एका तबकडीवर पाठीला पाठ लावून होती, इथे समोरासमोर आहेत. 1976 चं रेकॉर्डिंग सुंदर आहे, पण त्यातला शाप भविष्यकाळातला आहे. बरबँकमध्ये तो फळलेला दिसतो, म्हणून माझ्या मते हे गाणं खऱ्या अर्थानं 1997 मध्ये पुरं झालं. त्या सादरीकरणाला ग्रॅमीचं नामांकन मिळालं. 2004 च्या ‘रूमर्स’च्या नव्या आवृत्तीत ‘सिल्व्हर स्प्रिंग्ज’ही आलं.

आजचे त्याचे बरेच श्रोते 1997 नंतर जन्मलेले आहेत. टेलर जेन्किन्स रीडनं 2019 ची ‘डेझी जोन्स अँड द सिक्स’ ही कादंबरी लिहिली, तिच्या मुळाशी ‘द डान्स’ टीव्हीवर पाहिल्याची आठवण होती. 2023 मध्ये तिच्यावर मालिका आली आणि त्या जुन्या चित्रफितीकडे नव्यानं माणसं वळली. टिकटॉकवर ती नजरानजर पुन्हा पुन्हा फिरते. कोणी कोणाला सोडलं याचा पत्ता नसतानाही ती भिडते, हे मला फार मोलाचं वाटतं.

फक्त एक सल आहे. या तुकड्यांत बहुतेकदा शेवटचा उद्रेक तेवढा असतो. ज्या संथपणाचं कारण देऊन गाणं अल्बममधून काढलं, तोच संथपणा आता पुन्हा कापला जातो. पण सुरुवातीला स्टीव्ही जवळजवळ बोलल्यासारखी गाते, लिंडसेची गिटार एकेक सूर मोजून टाकते, ड्रम मागे थांबलेले असतात, आणि राग कडव्याकडव्यानं चढतो. ती चढण ऐकल्याशिवाय शेवटच्या मिनिटात ती कशासाठी वळली हे कळत नाही. गाणं पहिल्या सुरापासून ऐकावं, आणि जमलं तर त्याआधी ‘गो युअर ओन वे’ लावावं.